तोंडावर चांगलं म्हणू नये

आमची शाळा म्हणजे अमरावतीतल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या कोठाराची ओसरी. आत गासड्या छतापर्यंत रचलेल्या असत. दाराच्या फटींतून तूस बाहेर येई आणि मुलींच्या केसांवर, पाट्यांवर, माझ्या लुगड्यावर बसे. दुपारी घरी आले की सासूबाई म्हणायच्या, "आली पिंजाऱ्याची सून." मी अंगणात लुगडं झटकायची, पाणी प्यायची आणि चुलीपुढे बसायची. तूस झटकलं तरी खोकला राहायचा. तो अजून आहे.

कापसाला तेव्हा असा भाव आला होता की ज्याच्याकडे हातभर जमीन तोही पऱ्हाटी लावत होता. रस्त्यावर दिवसभर बैलगाड्या, बडनेऱ्याच्या दिशेनं. गाडीवानांचं ओरडणं, चाकांचं कुरकुरणं, धूळ. त्या आवाजात माझा आवाज ओसरीच्या खांबापर्यंतसुद्धा पोचत नसे. मुली म्हणायच्या, "बाई, काहीच आयकू येऊन नाही राहिलं." मग मी तेच पुन्हा म्हणे, आणि ते पहिल्यापेक्षा हळू निघे.

मी शिकवायला कशी लागले ते सांगते. माझे वडील अकोल्याच्या मुलांच्या शाळेत मास्तर होते. मी त्यांना दुपारी पाण्याचा तांब्या नेऊन देई आणि मुलांच्या मागे बसून राही. चार वर्षं तशी बसले. एके दिवशी वडिलांनी घरीच माझी परीक्षा घेतली आणि म्हणाले, "चौथी झाली तुझी." पुढे लग्नच झालं. अमरावतीला आले. हे त्या व्यापाऱ्याकडे कारकून होते. मुलींची शाळा निघाली तेव्हा म्हाताऱ्या मास्तरांपुढे मुलींना बसवायला आया तयार होईनात. बाई हवी होती. अख्ख्या पेठेत वाचता येणारी बाई मी एकटी. शेठजींनी यांना सांगितलं, यांनी सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी मला सांगितलं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काही बोलले नसते. भाजीवालीनं जुडी कमी दिली तरी मी तशीच घेऊन येणारी बाई.

चौदा मुली होत्या. कौंडण्यपूरच्या जत्रेला गेल्या की पाच उरत, वेचणी सुरू झाली की सहा. त्यांतली एक माळ्याची मुलगी होती, आठ वर्षांची असेल. गावाच्या परकोटाबाहेर नाल्याकाठी त्यांचा मळा. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. चौथी मुलगी झाली की आता पुरे, हे देवाला समजावं म्हणून ठेवतात तसलं नाव होतं. ती सगळ्यांच्या मागे, चपलांजवळ बसायची. तिला काहीही विचारलं की प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणायची, "मले नाही येत." रडून नाही, लाजून नाही. कोणी रस्ता विचारला तर आपण सांगतो तसं. मास्तर म्हणायचे, "तिला सोडा. ती डोकं घरी ठेवून येते."

मीही सोडलं होतं. मग एक दिवस मी घंटेच्या आधी आले, तर ती ओसरीच्या पायरीवर शेजारच्या घरातल्या चार वर्षांच्या पोरीला घेऊन बसली होती. पुढ्यात शेवंतीची फुलं. हार करता करता ती त्या पोरीला निमकी, अर्ध्याचा पाढा, म्हणून दाखवत होती. "पाच निम अडीच. सहा निम तीन. सात निम साडेतीन." दोरा ओढायचा आणि म्हणायचं. एकदाही चुकली नाही. निमकी मी मोठ्या मुलींना शिकवत होते, हिला शिकवलीही नव्हती. चपलांजवळ बसून तिनं ती उचलली होती.

मी भिंतीआड उभी राहिले. मीही अशीच उचलली होती.

त्याच आठवड्यात शाळाखात्याचे डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले. पुण्याकडचे गृहस्थ, पगडी, उपरणं, हातात रुमाल, कारण तूस त्यांच्या नाकात जात होतं. ते बोलले मास्तरांशी. मी खांबामागे होते. ते म्हणाले, "छडी ठेवून द्या. मूल भिऊन शिकत नाही. त्याला चारचौघांत उभं करा, शाबास म्हणा, नाव घ्या. आपण कोणीतरी आहोत असं त्याला वाटलं पाहिजे. मग पाहा."

मास्तरांनी मान हलवली आणि ते गेल्यावर म्हणाले, "शाबासकीनं शाळा चालली असती तर आम्ही छड्या कशाला तोडल्या असत्या?"

मला मात्र ते पटलं. माझ्या वडिलांनी मला कधी शाबास म्हटलं नव्हतं. "चौथी झाली तुझी" एवढंच. त्यात चांगली झाली की वाईट झाली ते नव्हतं. मी ते वाक्य पुष्कळदा उलटून पालटून पाहिलं आहे, त्यात काही सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला उभं केलं.

"निमकी म्हण."

"मले नाही येत."

"येते. मी ऐकली आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडल्यासारखं पाहिलं. मग जमिनीकडे बघत सगळी म्हटली, भराभरा, संपवायची म्हणून. आणि मी, जिचा आवाज खांबापर्यंत जात नव्हता, मी केवढ्यांदा म्हटलं, "शाबास! ऐकलंत का गं सगळ्यांनी? साऱ्या शाळेत हिच्याइतकी हुशार कोणी नाही!" रस्त्यावरच्या गाडीवानानं वळून पाहिलं.

तिच्या शेजारची जराशी सरकून बसली. पुढची एक कुणब्याची मुलगी होती, तिनं आपल्या छातीवर हळूच थू थू केलं. माझ्या माळ्याच्या पोरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी समजले, लाजली.

मी तीन दिवस तसं केलं. दुसऱ्या दिवशी तिला मागून उठवून पुढे बसवलं. तिसऱ्या दिवशी मास्तरांनाही ऐकायला लावलं. मी इथलीच, वऱ्हाडातली बाई. लहानपणी गोऱ्या बाळाच्या गालाला काजळ लावताना मी शंभरदा पाहिलं होतं. चांगलं मूल पाहिलं की "काय हे वेडंविद्रं" म्हणायचं, हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण त्या तीन दिवसांत मी ते सारं विसरले होते. डिप्टीसाहेबांचं बोलणं सरकारी होतं, आणि सरकारी गोष्टीला नजर लागत नाही असं मला वाटलं असावं.

चौथ्या दिवशी ती आली नाही. शेजारची म्हणाली, "बाई, तिले ताप भरला. तिची माय म्हणून राहिली, शाळेतूनच लागला."

कार्तिकात ताप घरोघर असतो. मी तसंच समजले. त्याच्या दुसऱ्या दिवशी, शाळा भरलेली असताना, तिची आई ओसरीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. उंच, काळीसावळी बाई, हाताला मळ्यातली माती.

मास्तर म्हणाले, "काय पाहिजे?"

"तुमाले नाही, बुवा. बाईले भेटाले आली मी."

मी पुढे झाले. पदर कपाळावर ओढला.

"तुमीच का? तुमी माह्या पोट्टीले तीन दिस चांगली चांगली म्हणून राहिल्या. माह्या घरात तिले कोणी चांगली म्हणत नाही. तिच्या बापानं नाही म्हटलं, म्या नाही म्हटलं. तुमी कायले म्हटलं?"

मास्तर मध्ये पडले. "अहो, शाबासकी दिली पोरीला. सरकारचा हुकूम आहे तसा."

"सरकारची नजर लागली असन तं सरकारच्याच पायाखालची माती नेतो, बुवा. सांगा, कुठं राह्यते तुमचं सरकार?"

मुली फिदीफिदी हसल्या. मास्तरांनी "खुळ्या समजुती" असं काहीतरी म्हटलं आणि तपकिरीची डबी काढली. बाईनं मग आवाज खाली आणला.

"बाई, राग नोका मानू. तुमाले लेकरू नाही, म्हणून तुमची नजर लवकर लागते. तुमी काही मुद्दाम नसन लावली. पन लेकरू तापानं भाजून राह्यलं. थोडी पायाखालची माती द्या."

ज्याची नजर लागली त्याच्या पायाखालची माती मीठमोहऱ्यांबरोबर ओवाळून चुलीत टाकतात. मला ठाऊक होतं. चौदातल्या अकरा मुली माझ्याकडे बघत होत्या. मी उजवा पाय उचलला. जमीन सारवलेली, माती सुटेना. ती खाली बसली आणि माझ्या पावलाच्या जागेवर नखानं खरवडू लागली. मी एका पायावर उभी, खांबाला धरून. चिमूटभर माती निघाली, तिच्यात कापसाचं तूस होतं. तिनं ती पदराच्या टोकाला बांधली.

"आता पोट्टी नाही येणार शाळेत," ती म्हणाली. "बरी झाली की वेचणीले नेतो. वावरात हात नाही भेटून राहिले, आन इथं बसून ताप घ्याचा."

ती गेल्यावर मी पुढचा धडा घेतला. कोणता घेतला आठवत नाही.

घरी सासूबाईंना माझ्याआधी कळलं होतं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मूल नसलेल्या बाईनं दुसऱ्याच्या मुलाला तोंडावर चांगलं म्हणू नये, एवढं तुला चौथीपर्यंत कोणी शिकवलं नाही?"

मी पीठ मळायला घेतलं. त्या दिवशी भाकऱ्या करपल्या, आणि त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

मला झोंबलं ते मातीचं नव्हतं. नजर लागते की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. मला झोंबलं हे, की पोरगी आता कायमची चपलांजवळून उठली. पुढे बसवायला गेले आणि तिची मागची जागाही घालवली. आता तिला कळणार की आपल्याला काही येतं असं कोणी म्हटलं की ताप येतो. याआधी तिला नुसतं वाटत होतं की आपल्याला येत नाही. आता येणं हेच वाईट, असं तिला वाटणार होतं. आणि ते मी केलं होतं.

मग मी मळ्यावर जाऊ लागले. शाळा सुटली की घरी न जाता परकोटाच्या दारातून बाहेर, धुळीतून, नाल्यापर्यंत. पहिल्या दिवशी बांधावर उभी राहिले. बाई वांगी तोडत होती. "वांगी पाह्यजे का?" म्हणाली. मी वांगी घेऊन परत आले. झोपडीच्या सावलीत खाटेवर मुलगी पडलेली दिसली, एवढंच. दुसऱ्या दिवशी मेथी घेतली. तिसऱ्या दिवशी शेवंती. सासूबाई म्हणाल्या, "रोज भाजी, रोज फुलं! शाळा काढली आहेस की मंडई?" मला हसू आलं असतं, पण पाय दुखत होते. रोज जाताना मी वाक्य जुळवायची. "माळीणबाई, मुलीला पाठवा." तीन शब्द. बांधावर पोचले की ते कुठे जात कोण जाणे.

पाचव्या खेपेला मी बांधावर बसलेच. उभं राहवेना. आईनं खुरपं खाली ठेवलं, नाल्यावर दोन गाजरं धुऊन आणली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

"खा. सुकून राहिल्या तुमी."

मी गाजर खाल्लं.

"उतरली बरं नजर. तुमच्याच मातीनं उतरली. तीन दिसांनी ताप गेला."

"बरं झालं," मी म्हटलं.

"तुमी भाजी घ्याले येत नाही. मले समजते. तुमाले बोलाचं असते, आन बोलत नाही."

मी मान हलवली. ती माझ्याजवळच बसली आणि खुरप्यानं उगाच माती उकरत बोलू लागली. "हिच्या आधी एक पोरगा होता मले. असा गुटगुटीत, वाटंनं जाणारा माणूस थांबून पाहे. आल्यागेल्यानं म्हणावं, काय लेकरू हाय वं! मले बी गोड लागे, बाई. मी बी म्हणे, हाय ना! दोन दिसांत गेला. तवापासून मी तोंडातून चांगलं काढत नाही. या पोट्टीले मी उठता बसता भवानी म्हणतो, धोंड म्हणतो. तुले काय येते म्हणतो. ते तिचं औषध हाय."

मी गाजराचा देठ हातात धरून बसले होते. मग मी बोलले. इतकं सलग मी आधी कोणाशी बोलले नव्हते.

"माळीणबाई, ती ते खरं मानते."

"काय खरं मानते?"

"तुम्ही म्हणता ते. तिला खरंच वाटतं की तिला काही येत नाही."

ती हसली. "माय वं! लेकराले कळत नसन का? घरात पयला घास तिचा असते. तिच्या बापाच्या आधी तिले वाढतो. मी तिले मारतो का?"

"नाही कळत," मी म्हटलं. "मलाही कळलं नव्हतं. माझ्या वडिलांनी मला कधी चांगली म्हटलं नाही. अजून माझ्या तोंडून चारचौघांत शब्द निघत नाही. तुम्ही पाहिलंच."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग वळून हाक मारली, "अय भवाने! इकडं ये."

मुलगी झोपडीमागून आली. तापानं चेहरा लहान झाला होता. मला पाहून ती आईच्या पाठीमागे सरकली.

"तुले ते निमकी का काय ते येते का वं?"

"मले नाही येत."

"काहून नाही येत?"

"तूच तं म्हणते," पोरगी म्हणाली.

आईचा खुरप्याचा हात थांबला. पोरगी थोडा वेळ उभी राहिली, काही काम नाही असं पाहून परत गेली. नाल्यापलीकडे कोणीतरी बैलांना ओरडत होतं. बाईनं ती उकरलेली माती हातानं सारखी केली.

शेवटी मीच विचारलं, "मग मी काय करू? चांगलं म्हणायचं नाही. आणि वाईट तर तिला पुष्कळ ऐकायला मिळालं."

"तुमी शिकल्या ना? मले कायले पुसता?" ती म्हणाली. पण विचार करत होती. "आमी वेचणीले जातो तं प्रत्येक बाईले एक पात असते. पात म्हंजे हे, एवढी ओळ तुही, एवढी माही. जिचा हात चांगला तिले आमी चांगली नाही म्हणत. कोणीच नाही म्हणत. तिले पयली पात देतो. बाकीच्या तिच्या मागून येतात. तिले समजते, बाकीच्याईले समजते, आन देवाले आयकू जात नाही."

"मग पाठवाल का तिला?"

"वेचणी झाल्यावर पाहू." ती उठली. "पोट्टीशी मी बोलन. पन घरात नाही, लोकाईसमोर नाही. वावरात बोलन."

मी घरी आले. मेथी घ्यायची राहून गेली, आणि सासूबाईंनी तेही बोलून दाखवलं.

वेचणी लांबली. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. शाळेत सहा मुली, त्यांतल्या दोन खोकणाऱ्या. मी रोज जात होते, रोज तेच पाढे, तेच "खाली बस, पाटी पूस." मळ्यावर जायचं मी सोडलं. आता तिथं माझं काम नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बळही नव्हतं. एकदा मात्र सासूबाईंबरोबर देवाला जाताना शिवारातून गेलो तेव्हा दुरून बायकांची रांग दिसली. पांढऱ्या वावरात वाकलेल्या पाठी. सगळ्यांच्या पुढे एक उंच बाई होती आणि तिच्या बगलेला एक लहान डोकं. ती बाई खाली वाकून त्या डोक्याच्या कानाशी काही बोलत होती. तीच असेल असं मला वाटलं. दुसऱ्याही कोणी असू शकतील. ती काय बोलली ते मला कधी कळलं नाही. मी नंतर विचारलंही नाही.

माघात पोरगी शाळेत आली. बोटांवर बोंडांचे ओरखडे, नखांत काळी माती. येऊन चपलांजवळ बसली. माझ्या तोंडाशी "आलीस का गं" आलं होतं, ते मी गिळलं. पेठेतल्या नव्या तीन लहान मुली आल्या होत्या, त्यांना पावकी, पावाचा पाढा, अजून येत नव्हती. मी त्यांना तिच्यासमोर नेऊन बसवलं.

"यांची पावकी घे."

"मले..." ती म्हणाली, आणि थांबली.

"मला खोकला आहे," मी म्हटलं. ते खरंच होतं. "माझ्यानं इतकं बोलवत नाही."

तिनं थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यात कौतुक आहे का, ते ती शोधत होती असं मला वाटलं. नव्हतंच. मी फार दमले होते. मग तिनं त्या तिघींना खांबापलीकडे नेलं.

पहिला आठवडा ती इतक्या हळू बोलायची की लहान पोरी माना पुढे करून तिच्या ओठांकडे बघत बसत. मास्तर म्हणाले, "हे काय चाललंय? माळ्याच्या पोरीनं शिकवायचं आणि बामणाच्या पोरींनी ऐकायचं? डिप्टीसाहेबांना काय सांगू?" मी काही उत्तर दिलं नाही. माझ्या गप्प राहण्याचा तेवढा एकच उपयोग आजवर झाला असेल. ते दोनदा म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

तिला मी काही म्हणत नसे. बरोबर आलं तर दुसरं काम देई. लहान मुलींच्या पाट्या तपासायला दिल्या. मग फळ्यावर तारीख लिहायला दिली. मोठ्या मुलींना ते दिसत होतं. कोणी छातीवर थुंकलं नाही. एकदा ती माझ्याकडे आली, लहान पोरीचा हात धरून.

"बाई, सात पाव किती?"

"तू सांग."

"नाही येत मले. माह्या ध्यानातून गेलं. तुमी सांगा, ही वाट पाहून राहिली."

"पावणेदोन."

"पावणेदोन," ती त्या पोरीला म्हणाली आणि दोघी परत गेल्या. मी त्या दिवशी घरी जाताना वाटेत दोनदा थांबले. हसू येत होतं म्हणून. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं असेल, या बाईला काय झालं.

हे फार दिवस चाललं नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, बाळापूरकडे दिली. कापसाचा भाव पडला तेव्हा व्यापाऱ्यानं कोठार विकलं, ओसरी गेली, शाळा एका देवळामागे हलवली, तिथे मुली आणखी कमी झाल्या. मी नंतरही पुष्कळ वर्षं शिकवलं. पुष्कळ मुली मागे बसून गेल्या, सगळ्यांना मी उठवू शकले नाही. काहींच्या आया माझ्याशी बोलल्या नाहीत, काहींशी मीच बोलू शकले नाही. तिच्या नव्या घरी तिला कोणी पाढे म्हणायला लावले असतील असं मला वाटत नाही. तरी तिच्याबद्दल मला तितकी काळजी वाटत नाही, आणि का वाटत नाही ते एका दिवसामुळे.

लग्नाच्या आधीच्या चैत्रात मला हिवताप आला. दोन दिवस गोधडीत कुडकुडत पडले. तिसऱ्या दिवशी अंगात ताप थोडा कमी होता, म्हणून ऊन चढल्यावर भिंतीला धरत धरत निघाले. मास्तर नातवाच्या बारशाला गावी गेले होते. शाळा बंदच असणार, मुली घरी गेल्या असणार, कोणी गेलं नसेल तर एकमेकींच्या झिंज्या ओढत असणार, असं मला वाटत होतं.

गल्लीच्या तोंडाशी मला आवाज ऐकू आला. गाड्यांच्या गोंगाटावरून, खणखणीत.

"तोंड उघड! तोंडात का कापूस कोंबला? पुन्हा म्हण. आन तू, हसू नको तिले, तुलेच काल येत नव्हतं!"

तिचा आवाज होता. मी खांबापाशी आले. अकरा मुली, अकराही पाट्या मांडीवर, सगळ्या तिच्याकडे तोंड करून बसलेल्या. ती उभी होती, कमरेला पदर खोचून. तिनं मला पाहिलं. मला वाटलं आता ती पळत जाऊन मागे बसेल.

"बाई आल्या!" कोणीतरी ओरडलं आणि सगळ्या उठायला लागल्या.

"बसा वं सगळ्या!" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, आवाज जरासा खाली आणून, "बाई, तुमी बी बसा. ताप हाय तुमाले. इतकं होऊ द्या, मंग तुमी घ्या."

दोन मुलींनी सरकून जागा केली. मी त्यांच्यामध्ये बसले. माझी मांडी त्यांच्या मांडीला लागली. कोणीतरी अर्धी पाटी माझ्या पुढ्यात सरकवली. तिनं निमकी सुरू केली, आणि मुलींबरोबर मीही म्हणू लागले, त्यांच्याइतक्याच मोठ्यानं.